१७ देणारी गाडी १३ वर आली, कारण सापडत नाही (आर्वी–सेवाग्राम)

पांदणरस्ता (आर्वी तालुका), २ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गाडी २०१६ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. पहिल्या दिवसापासून आमच्याच घरी, ९४ हजार किलोमीटर झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा आहे असं मला वाटत नाही.

बाबांचं डायलिसिस गेल्या मार्चपासून सेवाग्रामला सुरू आहे, सोमवारी आणि गुरुवारी. पहाटे पाचला गावातून निघतो, खरांगणा, आंजी, वर्धा करत सातच्या आत पोहोचतो. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, आठवड्याला २४०. त्यामुळे ॲव्हरेज हा माझ्यासाठी पारावरच्या गप्पांचा विषय राहिलेला नाही, घरचा महिना त्यावर बसतो.

डॅशबोर्डच्या खणात बाबांची एक वही आहे. गाडी घेतल्यापासून प्रत्येक वेळी टाकी फुल्ल केली की तारीख, किलोमीटर आणि लिटर त्यांनी निळ्या शाईत लिहून ठेवलेत. मार्चपासून ती वही मी चालवतो. तिच्यातून काढलेले आकडे असे: २०२१-२२ मध्ये सरासरी लिटरला १८.६ किलोमीटर. २०२४ च्या हिवाळ्यात १७.८. एप्रिल २०२५ ला १७.४. जूनमध्ये १६.१. ऑक्टोबरमध्ये १५.२. आणि डिसेंबरच्या तीन टाक्या १३.४, १३.१, १३.२.

रस्ता तोच, चालवणारा मीच, वेग ६० ते ७०. आठवड्याला साडेचार लिटर जास्त जातंय, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. तेवढ्यात बाबांची काही औषधं येतात.

आतापर्यंत एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, गावाजवळच्या गॅरेजमध्ये १८०० रुपये देऊन इंजेक्टर साफ करून घेतले. हवा दर पंधरा दिवसांनी तपासतो. फरक शून्य. आता आणखी एखादा पार्ट अंदाजानं बदलण्याआधी इथे विचारतोय. सुरुवात कुठून करू?

---

कपाशी (राळेगाव), २ जानेवारी, रात्री १०.०५

भाऊ, आधी बाबांना आराम पडो. माझं सरळ मत आहे, पेट्रोलमध्येच गडबड आहे. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून आमच्या गावातल्या प्रत्येक गाडीची हीच तक्रार. नाहीतर पंपाचं माप कमी असेल. पंप बदलून पाहा.

---

ऑरेंजसिटी (नागपूर), २ जानेवारी, रात्री ११.१२

पांदणरस्ता भाऊ, तुमच्या बाबांची वही हा या धाग्यातला सगळ्यात मोठा पुरावा आहे. शंभरातल्या नव्वद जणांकडे ती नसते, आणि मग ‘पूर्वी चांगलं द्यायची’ एवढ्यावरच चर्चा फिरत राहते. कंपनीनं जाहिरातीत दिलेला आकडा विसरा. तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढतात, त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जातच नाही, समोरून वारा नसतो की खड्डा नसतो. तुमची तुलना तुमच्याच वहीशी व्हायला हवी.

फक्त मोजण्याची पद्धत एकदा पक्की करा. एकच पंप, शक्यतो एकच नोझल, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाली की तिथेच थांबायचं. रक्कम गोल करायला वरून दाबून दाबून टाकलं की अर्धा लिटर इकडचं तिकडे होतं. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, दोन तरी घ्या.

आणि किलोमीटर खरे आहेत का? टायर कधी बदलले, आणि त्याच साइजचे घेतले का?

---

वणाकाठ (हिंगणघाट), ३ जानेवारी, सकाळी ७.५०

टायरच्या साइजचा अनुभव मी सांगते, कारण त्यात माझे चार महिने गेले. माझ्या गाडीला मूळ १६५/७० आर१४ होते. वडनेरच्या आतल्या रस्त्यांवर गाडी खाली घासायची, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून १६५/८० आर१४ टाकले. गाडी उंच झाली, मी खूश. पण ॲव्हरेज लगेच एकनं घसरलं. पुढे भावानं हिशेब करून दाखवला. नव्या टायरचा व्यास साडेपाच टक्क्यांनी मोठा होता, म्हणजे गाडी १०० किलोमीटर चालली तरी मीटरवर ९५ च्या आसपासच पडत होते. पेट्रोल तेवढंच जात होतं, मीटर कमी मोजत होतं.

तपासायला सोपं आहे. नागपूर–हैदराबाद हायवेवर मी २० किलोमीटरचे दगड मोजले आणि मीटरशी ताडून पाहिले. तुम्ही फोनच्या जीपीएसवरही करू शकता.

---

पांदणरस्ता, ३ जानेवारी, दुपारी १.२०

ताई, टायर मूळ साइजचेच आहेत, २०२३ ला बदललेत. तरी आज आर्वीहून खरांगण्याकडे जाताना जीपीएस लावून पाहिलं. २५ किलोमीटरला मीटर अर्धा किलोमीटर जास्त दाखवतं, पूर्वीही एवढंच दाखवत असेल. तो मुद्दा सुटला.

ऑरेंजसिटी भाऊ, टाकी मी आपोआप कटपर्यंतच भरतो, बाबांनी तशीच सवय लावली आहे.

कपाशी भाऊ, पंपाचं आजच तपासलं. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवावंच लागतं, आणि ग्राहकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. मी मागितलं, त्यांनी काहीही खळखळ न करता दाखवलं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, इथे त्याहून कमीच होता. पेट्रोल पुन्हा त्यांच्या टाकीत ओतलं, त्यांचे आभार मानून आलो.

---

रसायन_मास्तर (यवतमाळ), ३ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

इथेनॉलबद्दल थोडं आकड्यांत बोलतो, म्हणजे तो मुद्दा जेवढा आहे तेवढाच धरता येईल, कमीही नाही आणि जास्तही नाही.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. म्हणून ई१० मध्ये लिटरमागे ३०.९ भरते, आणि ई२० मध्ये २९.८. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये सात टक्क्यांच्या जवळ घट, ई१० च्या तुलनेत साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांचीच घट धरली होती. तुमची गाडी २०१६ ची, म्हणजे ई२० साठी बनलेली नाही, त्यामुळे ही घट तुम्हाला पूर्ण बसणार हे मान्य.

पण आता वही पाहा. शुद्ध पेट्रोलवर १८.६ मिळत होते असं धरलं तरी ई२० मुळे ते १७.३ पर्यंत यावेत. एप्रिलला तुम्ही १७.४ वर होतातच. म्हणजे इथेनॉलनं जे न्यायचं ते एप्रिलपर्यंत नेलेलं आहे. एप्रिल ते डिसेंबर या आठ महिन्यांत १७.४ चे १३.२ झाले, ही जवळपास पाव हिश्शाची घट आहे. पंपावरचं पेट्रोल या काळात तेवढं बदललेलं नाही. काहीतरी तुमच्या गाडीतच बदललंय.

---

कपाशी, ३ जानेवारी, रात्री ८.१५

सर, हे पटलं. माझा सगळा राग ई२० वर होता, पण हिशेब डोळ्यांसमोर आहे.

मग एसी? थांबलेल्या गाडीत एसी चालू ठेवता का? डायलिसिसला चार तास लागतात.

---

पांदणरस्ता, ३ जानेवारी, रात्री ८.५०

मे-जूनमध्ये बाबांना बाहेर आणल्यावर चक्कर यायची, तेव्हा निघण्याआधी वीस मिनिटं एसी लावून बसायचो. बाकीचा वेळ मी लिंबाखाली बसतो. ऑक्टोबरपासून एसी लावलेलाच नाही.

---

ऑरेंजसिटी, ३ जानेवारी, रात्री ९.३०

एक मिनिट. ऑक्टोबरपासून एसी बंद, म्हणजे हिवाळ्यात ॲव्हरेज जूनपेक्षा वाढायला हवं. तुमचं जवळपास तीननं आणखी खाली गेलं. हवेची थंडी आणि ही घसरण एकत्र आली आहे, त्यात काहीतरी आहे. मला अजून नीट सांगता येत नाही. जाणकार कोणी आहे का?

---

एसटी_वर्कशॉप (वर्धा, सेवानिवृत्त), ४ जानेवारी, सकाळी ६.१०

भाऊ, धागा पुरा वाचला. आकडे पाहून मले तं एकच इचाराव वाटते. मे महिन्यात गाडी गरम झाली होती का? अन् झाली असन तं मिस्त्रीनं वॉल काढला का? थर्मोस्टॅट म्हनतात त्याले, आमी वॉलच म्हनतो.

तीन गोष्टी आनखी सांगा. सकाळी निघाल्यावर डॅशबोर्डवरचा निळा दिवा किती दूर गेल्यावर इझते? हिटर लावला तं गरम हवा येते का? अन् गाडी चालवून आल्यावर चारही चाकाईच्या रिमजवळ हात नेऊन पाहा, एखादं चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम हाय का. हात लावजा नका, पोळन.

---

पांदणरस्ता, ५ जानेवारी, रात्री ८.००

काका, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला.

हो. मे महिन्यात भर दुपारी, ४५-४६ अंशांत, बाबांना घेऊन परत येताना आंजीच्या पुढे लाल दिवा लागला. बाबा मागच्या सीटवर आडवे होते. रस्त्याच्या कडेला पळसाचं एक झाड, त्याच्या तुटपुंज्या सावलीत पाऊण तास थांबलो. दुसऱ्या दिवशी एका मिस्त्रीनं ‘आता ही गाडी कधीच गरम होणार नाही’ म्हणून वॉल काढून टाकला, ४०० रुपये घेतले. खरंच त्यानंतर गाडी गरम झाली नाही, म्हणून मी ते विसरूनही गेलो. वहीत मात्र माझ्याच अक्षरात आहे: ‘१६ मे, वॉल काढला, ४००’. जूनचा १६.१ हा त्याच्यानंतरचा पहिला आकडा आहे.

आज सोमवार होता, म्हणून तुमचे तिन्ही प्रश्न मनात ठेवून चालवली. निळा दिवा खरांगणा येईपर्यंत विझला नाही. एका उतारावर तर विझलेला पुन्हा लागला. बाबा रोज म्हणतात, गाडीत थंडी वाजते. मी हिटर पूर्ण लावतो, हवा कोमट येते. मला वाटायचं त्यांच्या आजारामुळे त्यांना जास्त थंडी वाजते, म्हणून दोन चादरी आणि शाल देत होतो.

आणि चाकं. तीन चाकं सारखी कोमट, पुढचं डावं हाताला चार बोटांवरूनच भाजत होतं.

---

एसटी_वर्कशॉप, ५ जानेवारी, रात्री ९.१५

मंग तुमच्या गाडीले दोन दुखनी हायेत, एक नाई.

मिस्त्रीले दोष देऊ नका. जुन्या जीपा, मेटाडोर, ट्रक याईचे वॉल उन्हाळ्यात आमीच काढत होतो, मी सवताच्या हातानं काढले. तवा कार्ब्युरेटर होता, डिझेलच्या गाडीले साधा पंप होता, पान्याच्या गर्मीचा हिशेब गाडी ठेवत नोती. आता ईसीएम हाय, म्हंजे इंजनाचा काम्प्युटर. पान्याचा सेन्सर त्याले सांगते का इंजन थंडं हाय, तं तो पेट्रोल जास्त सोडते. इंजन कधी गरमच नाई झालं, तं तो दिवसभर सकाळच समजून चालते.

दुसरं म्हंजे डावा ब्रेक धरून रायला. ब्रेकचे पॅड दाबनाऱ्या क्यालिपरच्या पिना गंजल्या असतीन. पावसाळ्यात पांदनीतून गाडी नेली असन तुमी.

पन नवा वॉल घाईनं टाकू नका. मेमधी गाडी गरम काहून झाली, ते आधी पाहा. ते दुखनं तसंच ठेवून वॉल टाकला तं येत्या उन्हाळ्यात बाबाईले घेऊन तुमी पुन्हा रस्त्यावर उभे राहान, अन् या डाव हेड ग्यास्केट जाईन.

---

रसायन_मास्तर, ५ जानेवारी, रात्री १०.००

काकांनी नेमकं सांगितलं. त्यात थोडी भर घालतो. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. पाणी साधारण ८२ किंवा ८८ अंशांना पोहोचेपर्यंत (आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो) तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, इंजिनमधलं पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि लवकर तापतं. मग मेण फुगतं, झडप उघडते. झडपच नसेल तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमधून फिरतं. जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांची हवा आणि ताशी ६० चा वारा रेडिएटरवर, इंजिन कसं तापणार?

थंड इंजिनमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीएमला जास्त सोडावं लागतं. ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं. आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पांदणरस्ता, एकदा डिपस्टिक काढून वास घेऊन पाहा.

जूनमध्ये बाहेरच ४४ अंश असल्यामुळे नुकसान कमी झालं. थंडी वाढली तसं ॲव्हरेज घसरत गेलं. ऑरेंजसिटींना जे खटकलं त्याचं उत्तर हे.

---

ऑरेंजसिटी, ५ जानेवारी, रात्री १०.२०

सर, काका, मनापासून आभार. भाऊ, एक विनंती. ओबीडीचं ब्लूटूथ यंत्र हजाराच्या आत मिळतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतं आणि फोनवर पाण्याचं तापमान दाखवतं. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. आणि दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका. एक करा, टाकी संपवा, मग दुसरं. नाहीतर कशानं किती फरक पडला ते कधीच कळणार नाही.

---

पांदणरस्ता, ११ जानेवारी, संध्याकाळी ५.३०

उशीर झाला, आठवडाभर तुरीची गडबड होती.

यंत्र मागवलं. गुरुवारच्या फेरीत २५ किलोमीटर चालल्यावर पाणी ६१ ते ६४ अंश. दवाखान्याच्या आवारात उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं तेव्हा कसंबसं ७४. निघालो की पुन्हा ६२.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो, आणि ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही थोडी वर आहे. मी ऑइल टाकलेलं नाही, त्यामुळे ते काय आहे हे सरांनी सांगितल्यावरच कळलं.

काकांच्या सांगण्यावरून आधी मे महिन्यातलं कारण शोधलं. वर्ध्याच्या एका फिटरकडे पुढचा बंपर काढला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर जागा असते. ती अख्खी कुटारानं (मळणीतल्या भुशानं) भरलेली! मी गाडी कोठ्याजवळ लावतो, तिथेच थ्रेशर लागतो. तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार, त्यावर धूळ, त्यावर पाणी पडून झालेला लगदा, वाळून पुठ्ठ्यासारखा झालेला. हातानं ओढला तर जाळीच्या आकाराचाच तुकडा निघाला, पंख्याच्या गोल खुणेसकट. त्यातून उन्हाळ्यात पुरेल एवढी हवा जाणं शक्यच नव्हतं. समोरून पाहिलं तर काही दिसत नाही, कंडेन्सर स्वच्छ दिसतो.

शिवाय कूलंटच्या जागी बोअरचं पाणी होतं. आमच्याकडचं पाणी जड आहे, चहाच्या भांड्याला पांढरा थर येतो. तोच थर रेडिएटरच्या झाकणाखाली होता. मीच दोन वर्षं वरून बाटलीनं टाकत आलो.

---

वणाकाठ, ११ जानेवारी, संध्याकाळी ६.१५

भाऊ, तुम्ही हे लिहिलंत आणि मी लगेच टॉर्च घेऊन गाडीजवळ गेले. आमच्याकडे जिनिंगच्या बाजूला गाडी उभी असते, कापसाचा तूस अडकलाय. उद्याच धुवून घेते. पाण्याचा प्रेशर मारायचा का?

---

एसटी_वर्कशॉप, ११ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

ताई, जोराचा प्रेशर मारू नका, जाळीचे पातळ पत्रे वाकतात अन् मंग हवा जातच नाई. बागेच्या पाइपानं, इंजनाकडून बाहेरच्या बाजूले पानी मारा, घान आली तशीच परत जाईन. गाडी थंडी असतानी. अन् गरम गाडीचं रेडिएटरचं झाकन कोनीच उघडू नका, मी हात भाजलेले पोरं पायले हायेत.

पांदनरस्ता, आता वॉल टाका. आधी गंजात, म्हंजे पातेल्यात, पान्यात उकळून पाहा.

---

पांदणरस्ता, १४ जानेवारी, रात्री ९.००

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा.

काल रेडिएटर आतून-बाहेरून धुतला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, ऑइल आणि फिल्टर बदलले. नवा थर्मोस्टॅट रबर रिंगसकट ७४० रुपये.

बसवण्याआधी काकांनी सांगितलं तसं केलं. आईकडून जुना गंज मागितला, थर्मोस्टॅट दोऱ्यानं पाण्यात लटकवला, तळाला टेकू दिला नाही. बाजूला थर्मामीटर. त्यावर ८२ कोरलंय. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले आणि आकडे मोठ्यानं वाचायला लागले. ७५, काही नाही. ८०, बंदच. ८३ ला पितळी चकती केसाएवढी उचलली गेली, ९० च्या पुढे चांगली बोटभर रुंद फट झाली. बाहेर काढला तर दोन मिनिटांत आपोआप मिटला. बाबा म्हणाले, एवढासा आहे, पण काम किती करतो.

आज सकाळी पहिली चक्कर मारली. चौथ्या किलोमीटरला निळा दिवा विझला. पाणी ८६ ते ९१ च्या मध्ये, चढावरही आणि उतारावरही.

---

रसायन_मास्तर, १४ जानेवारी, रात्री ९.३५

वा! विद्यार्थ्यांना हा प्रयोग मी याच आठवड्यात दाखवणार आहे.

---

पांदणरस्ता, २३ जानेवारी, रात्री ८.४०

पहिल्या टाकीचा आकडा आला, १५.१. फक्त थर्मोस्टॅट, कूलंट आणि ऑइल, ब्रेकला हात लावलेला नाही.

पण मला जास्त आनंद दुसऱ्याच गोष्टीचा झाला. गेल्या गुरुवारी पहाटे हिटर लावला आणि आंजीच्या आत बाबांनी चादर काढून बाजूला ठेवली. सगळा हिवाळा ते थंडीत कुडकुडत होते आणि मी त्यांच्या आजारावर ढकलत होतो, याचं वाईट वाटतं.

उद्या ब्रेकचं काम.

---

कपाशी, २३ जानेवारी, रात्री ९.१०

भाऊ, असं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आठवड्यातून दोनदा पहाटे चारला उठता, हे सगळ्यांना जमत नाही.

मध्ये एक विचारतो. माझ्या भावाच्या डिझेल पिकअपचाही वॉल काढलेला निघाला. डिझेललाही फरक पडतो का? आणि बाजारात ते चुंबक मिळतं, पेट्रोलच्या पाइपवर लावायचं, त्याचं काय?

---

एसटी_वर्कशॉप, २३ जानेवारी, रात्री ९.४०

डिझेललेही पडते. आताच्या डिझेलमधी बी सेन्सर तेच काम करते, वरून इंजन थंडं रायलं तं लायनर लवकर झिजते. बसवून घ्या, पन आधी रेडिएटर पाहा.

चुंबकानं काई होत नाई. ते पैसे कूलंटले लावा.

---

पांदणरस्ता, २४ जानेवारी, रात्री ७.३०

डावं चाक जॅकवर उचललं. हातानं फिरवलं तर अर्धा फेरा जाऊन थांबायचं, उजवं तीन-चार फेरे सहज जातं. क्यालिपर उघडला तर आतला पॅड ३ मिलिमीटरवर आलेला आणि बाहेरचा ७ वर. खालच्या पिनेचं रबर फाटलेलं, आत काळी माती जाऊन वाळून बसलेली. पिन हातोडीनंच निघाली. ऑगस्टमध्ये पांदणीत गाडी फसली होती, ट्रॅक्टरनं ओढून काढली होती, त्याच वेळचं हे असावं. वहीतली दुसरी उतरणही तिथूनच सुरू होते.

दोन्ही पिना, दोन्ही रबरं आणि पुढचे चारही पॅड नवीन टाकले. फिटरनं ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते म्हणाला.

सपाट जागेवर न्यूट्रल केली आणि एका हातानं ढकलली, चालायला लागली. आधी दोघं लागायचे.

---

ऑरेंजसिटी, २४ जानेवारी, रात्री ८.००

आता चाकांचं अलाइनमेंटही करून घ्या, एका बाजूनं ब्रेक धरत असताना तुम्ही नकळत स्टिअरिंग ओढून चालवत असणार. आणि दोन टाक्या होईपर्यंत इथेच लिहीत राहा.

---

पांदणरस्ता, ११ फेब्रुवारी, रात्री ९.२०

दोन टाक्या झाल्या. १६.७ आणि १६.९. अलाइनमेंट केलं, डावीकडे ओढणं थांबलं.

मास्तरांच्या हिशेबाप्रमाणे १७.३ च्या वर जायची अपेक्षा नाही. गाडीला दहा वर्षं होत आली, हे मला मान्य आहे. आठवड्याला जवळजवळ चार लिटर वाचतंय.

काका, मागच्या चाकांचे ड्रमही उघडून पाहू का? हँडब्रेक थोडा घट्ट वाटतो.

---

एसटी_वर्कशॉप, १२ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

पाहा. हँडब्रेक पाच-सहा खटक्यावर धरला पायजे. दोन-तीनवरच धरत असन तं केबल ढिली करा, अन् ड्रममधली माती साफ करा. अन् एप्रिल लागाच्या आधी बंपर काढून रेडिएटर एक डाव पुन्हा पाहा, या डाव गाडी कोठ्यापासून दूर लावजा.

बाबाईले माहा नमस्कार सांगजा. सोमवारी मी सेवाग्रामले येऊन रायलो, नातवाले दाखवाचं हाय. लिंबाखाली भेटू.